चप्पल सोडली, घर सोडलं, गोवा सोडला : लेंटच्या उपवासाचा अर्थ जगून दाखवणारे जोसेफ वाझ

फेब्रुवारी-मार्च आला की पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या कंपन्यांमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. बुधवार म्हणजे अनेकांसाठी नॉनव्हेजचा वार. पण त्यातल्या एका बुधवारी एखादा सहकारी कपाळावर राखेचा छोटा क्रूस घेऊन शिफ्टला येतो आणि जेवणाच्या सुट्टीत मुकाट्याने वरण-भात घेऊन बसतो. पुढचे सहा-साडेसहा आठवडे तो चिकन खात नाही, दारूला हात लावत नाही, पार्टीला बोलावलं तर ईस्टरनंतर येतो म्हणून सांगतो.

हा असतो लेंट, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ. मराठी चर्चमध्ये याला प्रायश्चित्तकाळ असंही म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरच्या आधी संपतो. मधले रविवार सोडले तर दिवस भरतात चाळीस. येशूने वाळवंटात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, त्यामुळे आपल्या सणांसारखा लेंटही दरवर्षी मागेपुढे होतो.

नियम आज तसे सोपे आहेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या लोकांनी एकच वेळ पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं खायचं. १४ वर्षांपुढच्यांनी हे दोन दिवस आणि लेंटमधले शुक्रवार मांस टाळायचं. मासे चालतात. आजारी माणसं आणि गरोदर बायका यांना सूट असते. अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांनाही सवलत घेता येते. नियम इतके सैल झाले ते १९६६ मध्ये, पोप सहावे पॉल यांच्या काळात. त्याआधीच्या शतकांमध्ये लेंटचा जवळजवळ प्रत्येक दिवस एकवेळ जेवणाचा असायचा.

पण या उपवासाचे पाय तीन आहेत. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. तिसरा पाय नसेल तर ते नुसतं डाएट, असं चर्च शिकवतं. आपण जे सोडलं ते कुणाच्या तरी ताटात पडलं पाहिजे. बायबलमध्ये यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा एक अख्खा अध्याय याच मुद्द्यावर आहे. भुकेल्याला भाकरी द्या, बेघराला घरात घ्या, तोच देवाला आवडणारा उपवास, असा त्याचा सारांश. येशूने यात आणखी एक अट घातली. उपवास करताना तोंड पाडून फिरू नका, चेहरा धुवा, लोकांना कळूही देऊ नका.

ऐकायला छान आहे. पण असं कुणी खरंच जगलं का? तर हो, आणि तो माणूस फार लांबचा नाही, आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे. त्यांचं नाव जोसेफ वाझ.

बाणावलीचा मुलगा

काळ समजून घेऊ. देहूच्या तुकोबांनी देह ठेवला तो १६५० च्या सुमारास. त्यानंतर लगेच, २१ एप्रिल १६५१ रोजी, दक्षिण गोव्यातल्या बाणावलीत जोसेफ वाझ यांचा जन्म झाला. बाणावली हे त्यांचं आजोळ, वडिलांचं गाव सांकवाळ. वडील क्रिस्तोव्हांव वाझ, आई मारिया दे मिरांडा. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. घराणं मूळचं सारस्वत ब्राह्मणाचं, आता ख्रिस्ती झालेलं, गावात मान असलेलं, धार्मिक वळणाचं.

मुलगा हुशार होता. आधी पोर्तुगीज, मग लॅटिन शिकला. पुढे राजधानीत, म्हणजे आजच्या ओल्ड गोव्यात, जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि नंतर डॉमिनिकनांच्या कॉलेजात त्याने तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचा अभ्यास केला. १६७६ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर दोन वर्षांनी, जोसेफ वाझ धर्मगुरू झाले.

त्या काळच्या गोव्यात पाद्री होणं म्हणजे प्रतिष्ठा, झगा, बूट आणि लोकांनी वाकून केलेला नमस्कार. वाझ यांनी धर्मगुरू झाल्या झाल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे पायातले जोडे काढले. गावातले गरीब अनवाणी चालतात, तर मीही तसाच चालणार. पुढची पस्तीस वर्षं त्यांच्या आयुष्याची दिशा या एका गोष्टीने ठरवली.

दुसऱ्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी एक कागद लिहिला. मदर मेरीचा आजन्म गुलाम म्हणून त्यांनी स्वतःला लिहून दिलं. गुलामगिरी तेव्हाच्या गोव्यात रोजची गोष्ट होती. माणसं विकत घेतली आणि विकली जायची. अशा शहरात एका शिकलेल्या, उच्चकुलीन धर्मगुरूने स्वतःसाठी गुलाम हा शब्द वापरणं ही साधी गोष्ट नव्हती.

श्रीलंकेचं वेड

इथे थोडं राजकारण समजून घ्यावं लागेल.

आजच्या श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या किनाऱ्यावर आधी पोर्तुगीजांचा ताबा होता. १६५६ मध्ये डचांनी कोलंबो घेतलं, १६५८ मध्ये जाफना. डच हे प्रोटेस्टंट पंथाचे, पोर्तुगालचे कट्टर वैरी. त्यांनी सगळे कॅथलिक पाद्री हाकलून दिले आणि त्यांना आसरा देण्यावरही बंदी घातली. हजारो कॅथलिक माणसं मागे राहिली. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरताना प्रार्थना म्हणणारा कुणी नाही.

गोऱ्या पाद्र्याला तिथे जाणं अशक्य होतं, तो लगेच ओळखू आला असता. सावळ्या, स्थानिक दिसणाऱ्या माणसालाच ते जमण्यासारखं होतं. वाझ यांनी सिलोनला जायची परवानगी मागितली. वरिष्ठांनी १६८१ मध्ये त्यांना आधी पाठवलं कानडा मुलुखात, म्हणजे आजच्या मंगळूर-कुंदापूर पट्ट्यात.

तिथे वेगळंच त्रांगडं होतं. पोर्तुगालच्या राजाने नेमलेले धर्माधिकारी एकीकडे आणि थेट रोमने नेमलेले दुसरीकडे. अधिकार कुणाचा यावर भांडण, आणि त्यात सामान्य माणसाचे हाल. वाझ यांनी दोन्ही बाजूंशी नमतं घेऊन वाट काढली, गावोगाव अनवाणी फिरून मोडकळीला आलेली चर्चं उभी केली, शाळा सुरू केल्या. १६८३-८४ मध्ये संभाजी महाराजांची फौज गोव्याच्या वेशीवर धडकली आणि पोर्तुगीज सत्ता हादरली, तेव्हा वाझ कानड्यात होते. १६८४ मध्ये ते गोव्यात परतले.

आल्यावर त्यांना एक गट भेटला. काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहून साधं आयुष्य जगू पाहत होते. युरोपियन संन्यासी संघ स्थानिकांना सहसा आत घेत नसत, हे त्यामागचं दुखणं. वाझ त्यांच्यात सामील झाले आणि १६८५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ओल्ड गोव्यात ऑरेटरी नावाचा संघ उभा राहिला. संपूर्णपणे भारतीय धर्मगुरूंचा असा हा संघ. वाझ त्याचे प्रमुख झाले.

म्हणजे आता स्वतःची संस्था होती, पद होतं, मान होता. वर्षभरात त्यांनी तेही सोडलं.

भिकाऱ्याच्या वेशात

१६८६ मध्ये वाझ गोव्यातून निघाले. सोबत जॉन नावाचा एक तरुण सेवक. अंगावर मजुराचे कपडे, पाय अनवाणी. केरळच्या किनाऱ्याने मजल दरमजल करत ते तुतिकोरीनला पोचले आणि १६८७ च्या ईस्टरच्या सुमारास जहाजात बसले. जहाज वादळात सापडलं. अन्नपाण्याचे हाल झाले. जाफन्याला पोचेपर्यंत वाझ यांना जबरदस्त हगवण लागली होती. जॉनही आजारी पडला. साथीचा रोग असेल या भीतीने लोक जवळ येईनात. चरित्रकार सांगतात की एका बाईने दिलेल्या पेजेवर दोघं जगले.

इथे एक विरोधाभास लक्षात घ्या. लेंटमध्ये माणूस ठरवून उपाशी राहतो. चाळीस दिवसांनी जेवण मिळणार हे त्याला माहीत असतं. वाझ यांची जाफन्यातली उपासमार तशी नव्हती. ती गरिबाची उपासमार होती, जिची शेवटची तारीख कुणालाच माहीत नसते.

बरं वाटल्यावर नवा प्रश्न उभा राहिला. या शहरात कॅथलिक कोण, हे ओळखायचं कसं? उघड विचारलं तर डचांच्या हाती सापडणार. वाझ यांनी शक्कल लढवली. गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली. प्रोटेस्टंट माणसाला त्या माळेचं काही नाही, पण कॅथलिक माणसाची नजर तिच्यावर अडखळणार. तशी ती अडखळली. एकेक घर कळत गेलं. खात्री पटल्यावर त्यांनी आपण धर्मगुरू आहोत हे सांगितलं. जवळपास तीस वर्षांनी त्या लोकांना आपला पाद्री मिळाला होता.

जाफन्याजवळच्या सिल्लाले गावात त्यांनी तळ ठोकला. दिवसा लपायचं, रात्री मिस्सा म्हणायची, कुणाकडे मरणासन्न माणूस असेल तर अंधारात तिथे पोचायचं. दोनेक वर्षं हे चाललं. मग १६८९ च्या नाताळच्या रात्री डचांनी छापा घातला. सुमारे ३०० कॅथलिक पकडले गेले, काहींचा छळात मृत्यू झाला. वाझ निसटले.

त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात अवघड भाग आहे. आपल्या येण्याची किंमत आपल्याआधी दुसऱ्यांनी मोजली. स्वतः उपाशी राहणं सोपं असतं, कारण त्याचा हिशोब आपल्यापुरता असतो. ज्यांनी आसरा दिला त्यांना कोठडीत जाताना पाहणं वेगळं. परत गोव्याला जाण्याचा रस्ता मोकळा होता. वाझ गेले नाहीत. ते डचांच्या मुलखाबाहेर, कँडीच्या राजाच्या हद्दीत पुत्तलमला गेले आणि काम पुन्हा सुरू केलं.

बौद्ध राजाच्या राज्यात

कँडीचं राज्य बेटाच्या मध्यभागी, डोंगरात. राजा विमलधर्मसूर्य दुसरा, धर्माने बौद्ध. १६९२ मध्ये वाझ राजधानीत पोचले आणि तिथे त्यांच्याविषयी आधीच कान भरले गेले होते. हा पोर्तुगीजांचा हेर आहे, असा आरोप. वाझ यांना आणि जॉनला कैदेत टाकलं.

राजाचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता हेही खरं. पोर्तुगीजांनी या बेटावर देवळं आणि विहार पाडले होते. गोव्यात तर इन्क्विझिशनचा अंमल चालूच होता. त्या सत्तेच्या गावातून आलेल्या पाद्र्यावर कँडीने का विश्वास ठेवावा?

वाझ यांच्याकडे उत्तर म्हणून दाखवायला फौज नव्हती, पैसा नव्हता, पत्र नव्हतं. होती ती फक्त राहणी. कैदेत ते सिंहली शिकले. आवारात झोपडीवजा प्रार्थनेची जागा केली. पहारेकऱ्यांनी पाहिलं की हा माणूस कुणाशी भांडत नाही, काही मागत नाही. हळूहळू बंधनं सैल झाली.

१६९६ मध्ये कँडीत भीषण दुष्काळ पडला. पाऊस पडावा म्हणून सगळ्यांनी प्रार्थना केल्या. श्रद्धाळू सांगतात ती गोष्ट अशी, की राजाने वाझ यांनाही प्रार्थना करायला सांगितलं, त्यांनी चौकात वेदी मांडून क्रूस उभा केला, आणि धो धो पाऊस आला, पण वेदी आणि वाझ कोरडे राहिले. चमत्कार मानायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यानंतर राजाने त्यांना राज्यात मोकळेपणाने काम करू दिलं, हा इतिहास आहे. याच सुमारास गोव्याहून त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्हो आणि आणखी सहकारी मदतीला आले.

देवीची साथ

पुढच्याच वर्षी, १६९७ मध्ये, कँडीत देवीची साथ आली. लस निघायला अजून शंभर वर्षं होती. रोग्याला घराबाहेर काढायचं, रानात नेऊन ठेवायचं, आणि नशिबावर सोडायचं, अशी परिस्थिती. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून गेले. आपण कोविडमध्ये पहिल्या काही आठवड्यांत जे पाहिलं, त्याची ही कितीतरी भयंकर आवृत्ती.

वाझ आणि कार्व्हाल्हो शहरातच थांबले. टाकून दिलेल्या रोग्यांना ते शोधून आणायचे, रिकाम्या घरांत ठेवायचे, जखमा धुवायचे, अन्न भरवायचे, मेलेल्यांना पुरायचे. रोगी कॅथलिक आहे की बौद्ध, हे विचारलं जात नव्हतं. जे बौद्ध शेजारी या परक्या पाद्र्याकडे संशयाने पाहायचे, त्यांच्याच घरातली माणसं त्याच्या हातून पाणी पीत होती.

लेंटच्या तीन पायांची गोष्ट आठवा. प्रार्थना, उपवास, दान. वाझ यांच्याकडे दान करायला पैसा कधीच नव्हता. पण त्यांनी आधी जे जे सोडलं होतं, ते इथे कामी आलं. अनवाणी चालायची सवय होती म्हणून रानातले रोगी सापडले. थोडक्यात भागवायची सवय होती म्हणून आलेलं अन्न दुसऱ्याला देता आलं. घराण्याचा तोरा आधीच उतरवून ठेवला होता, म्हणून परक्याची घाण साफ करताना हात मागे गेला नाही. उपवास हा सराव असतो असं म्हणतात, तो कशाचा सराव असतो ते इथे दिसतं.

साथ ओसरल्यावर राजाचा त्यांच्यावरचा विश्वास पक्का झाला. चर्चच्या वरिष्ठांनीही त्यांना सिलोनचे प्रमुख धर्माधिकारी नेमलं होतं. त्यांची राहणी मात्र तीच राहिली.

शेवट आणि नंतर

पुढच्या काळात गोव्याहून धर्मगुरू येत राहिले. १७०५ मध्ये दिवाडी बेटावरचे जाकोम गोन्साल्व्हिस आले. त्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये इतकं लिहिलं की आज सिंहली ख्रिस्ती साहित्याचा इतिहास त्यांच्याशिवाय सांगता येत नाही. वाझ यांचा आग्रहच होता की लोकांशी लोकांच्या भाषेत बोलायचं. गोव्यात पोर्तुगीज सरकार कोकणीवर बंदी घालायला निघालं होतं त्याच काळातली ही गोष्ट.

सततचा प्रवास आणि आजारपणांनी वाझ यांचं शरीर खचलं. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचं निधन झालं. वय ५९. गोव्यातून निघाल्यापासूनची २४ वर्षं त्यांनी त्या बेटाला दिली होती. ते आले तेव्हा तिथे एकही पाद्री नव्हता. गेले तेव्हा हजारो लोकांचा चालता-बोलता समाज मागे होता, आणि तो सांभाळायला गोमंतकीय धर्मगुरूंची फळी. ही फळी १८३० च्या दशकापर्यंत काम करत राहिली. डच मात्र १७९६ मध्येच इंग्रजांपुढे नमून बेट सोडून गेले होते.

संतपद मिळायला ३०४ वर्षं लागली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्याच गॉल फेस मैदानावर लाखोंच्या गर्दीसमोर पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. त्यासाठी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट पोपनी बाजूला ठेवली होती. श्रीलंकेचा पहिला संत ठरला तो एक गोंयकार.

आणि जॉन? तोही तेवढाच चालला, तेवढाच उपाशी राहिला, त्याच कैदेत बसला. जोसेफ वाझ यांची गोष्ट सांगताना त्याचं नाव घेतलंच पाहिजे. घरातल्या सगळ्यांच्या उपवासाचं रांधून स्वतःचाही उपवास धरणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांचा त्याग मोजला जात नाही, म्हणून तो कमी होत नाही.

या माणसाच्या आयुष्यातून दिसतं ते हेच, की सोडणं महत्त्वाचं नाही, सोडलेलं कुणाला पोचलं ते महत्त्वाचं. आज अनेक धर्मग्रामांमध्ये लेंटमध्ये वाचवलेले पैसे वेगळे काढून ठेवतात आणि ईस्टरच्या आधी गरजूंसाठी चर्चमध्ये जमा करतात.

पुढच्या वेळी गोव्याला गेलात तर बीचवरून थोडा वेळ काढून सांकवाळला जा. वास्कोच्या वाटेवरच हे गाव लागतं. तिथे जोसेफ वाझ यांचं तीर्थस्थान आहे आणि दरवर्षी १६ जानेवारीला फेस्त असतं. कँडीत मात्र त्यांची कबर आज नेमकी दाखवता येत नाही. आयुष्यभर आपलं काही बाळगलं नाही, त्या माणसाच्या नावावर मातीचा तुकडाही राहिला नाही.